जुन्या मिनी ट्रॅक्टरची तुटलेली चेसिस: दुरुस्तीनंतर एका पूर्ण हंगामाचा अनुभव

मागच्या मे महिन्यात आमच्या जुन्या मिनी ट्रॅक्टरची तुटलेली चेसिस जोडून घेतली. त्यानंतर पावसाळा गेला, संत्र्याच्या आंब्या बहाराची तोड झाली आणि आता मृग बहाराची संत्री उतरवणं सुरू आहे. रोटाव्हेटर, फवारणीची टाकी, क्रेट भरलेली छोटी ट्रॉली, सगळं या ट्रॅक्टरने ओढलं. जोड जसाच्या तसा आहे. तेव्हा ‘आता भंगारात द्या’ असं सांगणारे बरेच होते. ज्यांच्याकडे असा जुना, पण इंजिन ठणठणीत असलेला छोटा ट्रॅक्टर आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

संत्र्याची बाग नागपूरजवळच्या कळमेश्वरच्या पुढे, काटोल रोडकडची. झाडं ६ बाय ६ मीटरवर लावलेली. फांद्या पसरल्या की दोन ओळींत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही, म्हणून या लहान गाडीला पर्याय नाही. मोठ्या ट्रॅक्टरमध्ये बहुधा इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टने जोडून त्यांचीच चेसिस बनते. आमच्या गाडीचं इंजिन मात्र दोन सी-चॅनलवर (इंग्रजी C च्या आकाराच्या लांब लोखंडी तुळयांवर) बसलेलं आहे, आणि ते चॅनल मागे गिअरबॉक्सला बोल्टने धरलेले आहेत. तुटलं ते डावं चॅनल, याच बोल्टांच्या जरा पुढे.

चिन्हं आधीपासून दिसत होती. बॉनेटची फट एका बाजूला वाढली होती, क्लच पेडलची मोकळी चाल सारखी बदलायची. गाडी धुतल्यावर चॅनलच्या खालच्या पट्टीवर तांबूस भुकटीची बारीक रेघ पुन्हा पुन्हा उमटायची. लोखंडावर एकाच जागी अशी रेघ परत परत येत असेल तर ती चीरच समजावी. चिरेचे दोन काठ एकमेकांवर घासतात, त्याची ती गंजलेली भुकटी असते.

इथेच एक जुनी दुरुस्तीही होती. हायवेवरच्या एका वर्कशॉपमध्ये चिरेवर चौकोनी पट्टी ठेवून चारही बाजूंनी वेल्डिंग फिरवून दिलं होतं. दिसायला एकदम मजबूत. हंगाम संपायच्या आत त्याच पट्टीच्या उभ्या कडेला लागून नवी चीर निघाली. पट्टी जिथे एकदम संपते तिथे जाड लोखंड सोडून ताण पातळ लोखंडात येतो, आणि नेमक्या त्याच रेषेवर आडवं वेल्डिंग असतं. चॅनल तिथूनच फाटतं.

यावेळी हिंगणा एमआयडीसीकडच्या एका वेल्डरकडे गेलो. वयाने तरुण, पण ट्रकच्या चेसिसचं काम केलेला. वाकून पाहिलं आणि पहिलंच वाक्य म्हणाला, ‘काकाजी, वरून रॉड फिरवून काही होत नाही बरं. पूर्ण खोलावं लागते. आणि हे तुटलं कशानं, ते पाहू आधी.’ तिथेच काम त्याला द्यायचं ठरवलं.

जुनी पट्टी ग्राइंडरने काढल्यावर तुटलेला भाग उघडा पडला. खालच्या कडेजवळ तोंड काळपट आणि गुळगुळीत, वर मात्र चकचकीत, दाणेदार. म्हणजे खालचा भाग फार आधी फाटला होता आणि वरचा आत्ता सुटला. सुरुवात खालून होण्याचं कारणही सरळ आहे. पुढे एक्सल, मागे एक्सल, मध्ये इंजिनचं वजन. चॅनल खाली झुकू पाहतं आणि त्याची खालची बाजू ताणली जाते. प्रत्येक धुरा (शेताचा बांध) ओलांडताना हा ताण वाढतो. त्यातच पुढच्या एक्सलच्या मधल्या पिनचा बुश पार झिजलेला, इंजिनखालचे रबर दबून कडक झालेले आणि एका बोल्टचं भोक लांबट झालेलं. नुसती चीर भरली असती तर पुन्हा तीच वेळ आली असती.

डिझेल टाकी उतरवली, बॅटरी सोडली. अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ, घासून उजळ केलेल्या लोखंडावर लावला. तो लांब कुठेतरी लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होते. बरेच जण हे पाळत नाहीत.

चीर डोळ्यांना दिसते तिथे संपत नाही, म्हणून डाय टेस्ट केली. जागा स्वच्छ करायची, लाल डाय फवारून मुरू द्यायचा, वरचा पुसून घ्यायचा आणि पांढरा डेव्हलपर मारायचा. थोड्या वेळात पांढऱ्यावर लाल रेघ उमटली, आणि ती आमच्या अंदाजापेक्षा चांगली बोटभर पुढे गेली होती. टोकाला ६ मिमीचं भोक पाडलं, म्हणजे चीर पुढे धावत नाही. जोड घालताना ते भोकही भरून घेतलं.

मग चॅनल जॅकने उचलून रेषेत आणलं. आडव्या कर्णांची मापं टेपने दोन-दोनदा घेतली. या कामात बराच वेळ गेला आणि जायलाच हवा होता, कारण वाकडं जोडलं तर क्लच आणि गिअरबॉक्स दोन्ही त्रास देतात. चिरेच्या दोन्ही काठांना ग्राइंडरने उतार देऊन साधारण ६० अंशांची व्ही खाच केली, तळाशी थोडी फट ठेवली, म्हणजे रॉड आरपार भरते.

रॉड ७०१८ वापरल्या, डीसी इन्व्हर्टर मशीनवर, होल्डर पॉझिटिव्हला. गल्लोगल्ली ६०१३ चालते. तिची ताकद कमी म्हणून ती टाळली असं नाही. आयएस २०६२ म्हणजे बांधकामाच्या साध्या लोखंडाला ताकदीच्या हिशेबाने तीही पुरते. फरक हायड्रोजनचा आहे. ६०१३ च्या लेपात ओलावा असतो, त्यातला हायड्रोजन जोडात शिरतो आणि जोड ठिसूळ होऊ शकतो. सतत हिसके खाणाऱ्या चेसिसला चिवट जोड लागतो. मात्र ७०१८ कोरडी असेल तरच तिचा उपयोग. वेल्डरकडे छोटी भट्टी होती. ३०० ते ३५० अंशांवर भाजलेली रॉड लगेच वापरायची, तासन्तास उघडी ठेवायची नाही. तुमच्या वेल्डरकडे भट्टी आहे का, हे आधी विचारा, पावसाळ्यात तर नक्कीच. प्रत्येक थरानंतर स्लॅग (वेल्डिंगवर जमणारी खपली) पूर्ण झाडला, तारेच्या ब्रशने घासला, मगच पुढचा थर. शेवटी बाहेरचा फुगवटा घासून चॅनलच्या पृष्ठाशी सपाट केला. घासण्याच्या रेषा चॅनलच्या लांबीच्या दिशेने ठेवल्या, आडव्या नाहीत.

पट्टीसाठीचा पत्रा इतवारीतल्या लोहा ओळीतून आणला. जाडी चॅनलइतकीच, ५ मिमी. जास्त जाड घ्यायचा मोह होतो, पण मग ताण पट्टीच्या टोकाशी साठतो. पट्टी एल आकारात वाकवून चॅनलच्या आतून बसवली, दोन्ही टोकं निमुळती कापली. वेल्डिंग फक्त लांबीच्या बाजूंनी, तुकड्यातुकड्यांनी. टोकांना आणि चॅनलच्या बाहेरच्या कडेवर रॉड लावली नाही. या कामात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: निमुळती टोकं, आणि तिथे वेल्डिंग नाही.

बुश लेथवर नवीन करून घेतला, इंजिनचे रबर बदलले, लांबट भोक रीमरने १४ मिमीला गोल करून ८.८ ग्रेडचा बोल्ट घातला. पत्रा, रॉड, बुश, मजुरी सगळं मिळून साडेसहा हजारांच्या आत आटोपलं. मजुरी सोडून बाकी किरकोळच.

आता वापराबद्दल. पहिल्या काही तासांनंतर बोल्ट तपासले तेव्हा दोन जरा सैल झाले होते. पुन्हा आवळल्यावर आजवर जागचे हलले नाहीत. जोडावर मुद्दाम पांढरा रंग दिला आहे, पांढऱ्यावर गंजाची रेघ लपत नाही. पोळ्यानंतर आणि आंब्या बहाराची तोड संपल्यावर तेवढ्या जागेचा रंग काढून पुन्हा डाय टेस्ट केली. दोन्ही वेळा पांढरं ते पांढरंच राहिलं. बॉनेटची फट सारखी आहे, क्लचची चाल बदललेली नाही.

एक उणीव आहे. पट्टीची टोकं उघडी असल्याने पावसाळ्यात चॅनल आणि पट्टीच्या मध्ये पाणी शिरलं आणि तिथून गंजाचा ओघळ आला. आपल्याकडची काळी माती चिकटली की ओल धरून ठेवते, त्याने भर पडते. दिवाळीनंतर ती फट सीलंटने भरली, आता कोरडी आहे. करताना आधीच आतल्या बाजूला रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) लावून, रंग सुकल्यावर फट बुजवून घ्या. वेल्डिंगच्या रेषेवर मात्र आधी रंग नको.

वापरण्याची पद्धतही बदलली. फवारणीची २०० लिटरची टाकी म्हणजे पाण्याचंच २०० किलो वजन. ती भरलेली असताना धुरा तिरपा आणि सावकाश ओलांडायचा, असं आमच्या सालदाराला सांगून ठेवलं आहे आणि तो ते काटेकोर पाळतो. सिट्रस सायला या किडीवरच्या फवारणीची घाई असली तरी.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. चीर क्लच हाउसिंगला किंवा गिअरबॉक्सच्या अंगाला असेल तर ते बहुतेक बिडाचं असतं. तिथे ७०१८ लावू नका. निकेलची रॉड, आधी तापवणं, सावकाश थंड करणं, असं ते वेगळंच काम आहे. चॅनल गंजून जागोजागी पातळ झालं असेल तर जोडण्यात अर्थ नाही, तेवढा तुकडाच बदलावा. आणि चेसिस नंबर जिथे कोरलेला आहे तिथे ग्राइंडर फिरवू देऊ नका, आरटीओत उत्तरं देत बसावं लागेल.

उजव्या चॅनलला अजून चीर नाही, पण वय आणि ताण दोघांचाही सारखाच. मृगाची तोड आटोपली की पावसाच्या आधी त्याच वेल्डरकडे उजव्या बाजूलाही आतून तशीच पट्टी बसवून घेणार आहे, यावेळी रेड ऑक्साइड लावूनच.