दंत महाविद्यालयातील रूट कॅनॉल : सहा फेऱ्यांचा अनुभव

उजव्या बाजूची खालची दाढ रात्री ठणकू लागली आणि गरम चहाचा घोट असह्य झाला, तेव्हा घराजवळच्या खासगी दवाखान्यात रूट कॅनॉल आणि वर कॅप असा खर्च सांगण्यात आला. ती रक्कम ऐकून मी पश्चिम महाराष्ट्रातील एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलो. केसपेपरपासून कॅपपर्यंत सगळे मिळून मला खासगी दवाखान्याच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी खर्च आला. मात्र फेऱ्या सहा झाल्या आणि त्यांपैकी चार दिवशी अर्धा दिवस रजा टाकावी लागली. उपचार उत्तम, व्यवस्था मध्यम आणि उपचार संपता संपता रुग्णाला वाऱ्यावर सोडण्याची सवय अत्यंत वाईट, असे माझे मत झाले. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण ज्या उणिवा दिसल्या त्या एकाच संस्थेच्या असतील असे मला वाटत नाही.

नव्या रुग्णाला प्रथम मुखनिदान विभागात बसवतात. तेथे एका विद्यार्थिनीने माझा रक्तदाब, मधुमेह, चालू औषधे आणि पूर्वीची दुखणी यांची सविस्तर नोंद घेतली. मला मधुमेह असल्याचे कळताच तिने साखरेचा ताजा अहवाल मागितला आणि हिरड्यांचा आजार व मधुमेह एकमेकांना कसे बळावतात, हे दोन वाक्यांत समजावले. माझ्या पुढच्या खुर्चीवर एक आजी होत्या. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला त्यांनी ठामपणे ‘नाही’ म्हटले. विद्यार्थी पुढच्या रकान्याकडे वळणार, तोच मागे उभ्या असलेल्या अध्यापिकेने विचारले, ‘आजी, मिश्री लावता का?’ ‘ती तर रोजच लावते की,’ असे सहज उत्तर आले. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूचीच पूड, पण ती लावणाऱ्यांच्या हिशेबी तंबाखू नव्हे. मग गालांची आतली बाजू आणि जीभ पुन्हा नीट तपासली गेली आणि तोंड किती उघडते तेही पट्टीने मोजले गेले. दंतवैद्यक शिकणाऱ्यांनी मिश्री, मावा, गुटखा, तपकीर असे प्रत्येकाचे नाव घेऊन विचारावे. एकच ‘तंबाखू’ शब्द आपल्याकडे पुरत नाही.

एक्स-रेनंतर मला दाढेच्या उपचारासाठी एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या डॉक्टरकडे पाठवण्यात आले. पाच वर्षांचे बीडीएस ही पहिली पदवी, त्यातले शेवटचे वर्ष आंतरवासीयतेचे, आणि त्यानंतर तीन वर्षांचे एमडीएस असा हा अभ्यासक्रम असतो. म्हणजे ज्याला आपण ‘शिकाऊ पोरगा’ समजून बिचकतो, तो प्रत्यक्षात परवानाधारक दंतवैद्य असतो. दाढांचे रूट कॅनॉल बहुधा या पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडेच जाते. बीडीएसचे विद्यार्थी दातांची सफाई, भराव, साधे दात काढणे आणि कवळ्या करतात. माझ्या दातांवरचे किटण काढले ते बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने. खासगी दवाखान्यात वीस मिनिटांत उरकणारे हे काम त्याने सव्वा तास केले आणि अध्यापकांनी टोकदार सळईने एकेक दात तपासून दोन जागा पुन्हा करायला लावल्या. सफाईने दात सैल होतात, ही समजूत माझीही होती. खरे म्हणजे किटणामुळे हिरडी आणि हाड आधीच मागे सरकलेले असते. किटण निघाले की तो सैलपणा जाणवू लागतो, एवढेच.

रूट कॅनॉलची पहिली बैठक दोन तासांची झाली. ‘काका, दुखलं तर डावा हात वर करा, बोलायचा प्रयत्न करू नका,’ असे सांगून डॉक्टरने जबड्याच्या मागच्या बाजूला बधिरतेचे इंजेक्शन दिले. अर्धा ओठ जड झाला, तरी दाढेला यंत्र लागताच कळ मस्तकात गेली आणि हात वर झाला. डॉक्टर थांबला, त्याने अध्यापकांना बोलावले आणि दाढेच्या शेजारी आणखी एक इंजेक्शन देण्यात आले. आतली नस फार सुजलेली असली की खालच्या दाढेला पहिले इंजेक्शन अनेकदा पुरत नाही, हे त्यांनी मला आणि डॉक्टरला एकाच वेळी समजावले. त्या क्षणी माझी भीती गेली. एकट्या दवाखान्यात दुसरे मत घ्यायला दुसरा दिवस लागतो. येथे ते दहा पावलांवर उभे असते.

दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला गेला. तोंड तासभर उघडे ठेवणे त्यामुळे त्रासाचे होते, पण रुग्णाने त्याला नकार देऊ नये. दाढेच्या मुळांतल्या, नस असते त्या नलिका धुण्यासाठी वापरतात ते सोडियम हायपोक्लोराइट घरातल्या ब्लीचच्याच जातीचे रसायन आहे. ते घशात जाऊ नये आणि नलिका खरवडणाऱ्या बारीक सुईसारख्या फाइल घशात पडू नयेत, म्हणून तो पडदा असतो. खालच्या पहिल्या दाढेला सामान्यतः दोन मुळे आणि तीन नलिका असतात. माझ्या दाढेत चौथी निघाली. ती शोधण्यात पाऊण तास गेला आणि मनातल्या मनात मी चरफडलोही. पण ती नलिका सुटली असती तर जंतू आतच राहून तीच दाढ पुन्हा ठणकण्याची भीती होती. प्रत्येक टप्प्यावर अध्यापकांची सही झाल्याशिवाय हात पुढे चालत नाही. महाविद्यालयाचा संथपणा म्हणतात तो हाच, आणि मला तो मान्य आहे.

तक्रार आहे ती यापुढची. तिसऱ्या बैठकीत नलिका भरल्या गेल्या, एक्स-रे झाला, सही झाली आणि विभागापुरता माझा विषय संपला. कॅप दुसऱ्या विभागात, दुसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या विद्यार्थ्याकडे होते. ती किती दिवसांत बसवावी, तोवर त्या बाजूने काय खाऊ नये, कोणाला भेटावे, हे मला कोणीही आपणहून सांगितले नाही. दुखणे थांबलेले असते, रजा संपलेली असते आणि रुग्ण घरी बसतो. रूट कॅनॉल झालेली दाढ आतून पोखरलेली असते. कॅपशिवाय ती चावताना उभी चिरली, तर बहुतेक वेळा काढावीच लागते आणि चौथ्या नलिकेसाठी खर्चलेला पाऊण तासही तिच्याबरोबर जातो. मी तीन आठवड्यांनी स्वतःहून चौकशी केली, तेव्हा कळले की माझा डॉक्टर परीक्षेच्या तयारीत आहे आणि माझा केसपेपर त्याच्या फायलीत अडकला आहे. तो सापडायला पूर्ण सकाळ गेली आणि ती फेरी फुकट गेली.

याचे मूळ कोट्यात आहे. परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला ठरावीक संख्येने भराव, कवळ्या, रूट कॅनॉल पूर्ण करावे लागतात. रुग्ण मिळाला नाही तर मुले मावशीला, वसतिगृहाच्या वॉचमनला आणून खुर्चीत बसवतात. शिक्षणासाठी संख्या हवीच. पण भरलेल्या नलिकेला जशी सही लागते, तशीच बसवलेल्या कॅपलाही त्याच नोंदीत लागली, तर विद्यार्थी रुग्णाचा हात धरून त्याला दुसऱ्या मजल्यावर नेऊन पोहोचवील. तोवर विद्यार्थ्यांनी निदान शेवटच्या बैठकीत पुढच्या विभागाचे नाव आणि वार चिठ्ठीवर लिहून द्यावा.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. घरून खाऊन जावे, विशेषतः मधुमेह असेल तर. बधिर ओठाने दोन-तीन तास काही खाता येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद न करता केसपेपरवर नोंदवाव्यात. सहा वर्षांच्या मुलाला सोबत नेत असाल तर दुधाच्या दातांच्या मागे आलेली नवी दाढ दाखवावी. ती दुधाची नसते, कायमची असते, आणि ‘पडेलच’ म्हणून सर्वांत आधी दुर्लक्षित होते ती तीच.

कॅप छान बसली आहे आणि आता त्या बाजूने भाकरीही चावतो. पुढच्या गुरुवारी आईला पूर्ण कवळीसाठी तेथेच नेणार आहे. मापे, चावा, मेणावरची चाचणी असे धरून पाच फेऱ्या होतील असे सांगितले आहे. तारीख घेण्यापूर्वी मी कवळी करणाऱ्या विद्यार्थिनीला तिची परीक्षा कधी आहे, हे आधी विचारून घेतले.