अमॉक्सी-क्लॅव्ह ड्राय सिरप: औषध चोख, बाटली तोकडी

लहान मुलांच्या प्रिस्क्रिप्शनवर अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचं हे अँटिबायोटिक सिरप वारंवार दिसतं. कंपन्या ढीगभर, आतला माल तोच. इथे नेहमीची 30 मिलीची बाटली घेतली आहे: दर 5 मिलीत 200 मिग्रॅ अमॉक्सिसिलिन आणि 28.5 मिग्रॅ क्लॅव्ह्युलॅनिक.

जीवाणू वाढताना त्याची भिंत सतत उसवते आणि पुन्हा शिवली जाते. हे टाके घालणाऱ्या एन्झाइमांनाच अमॉक्सिसिलिन चिकटतं. भिंत कच्ची राहते आणि आतल्या दाबाने जीवाणू फुटतो. व्हायरसला अशी भिंतच नसते, त्यामुळे साध्या सर्दीवर हे सिरप फुकट.

काही जीवाणू बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम सोडून अमॉक्सिसिलिनचं कडं तोडतात. त्याचं जनुक बहुतेकदा प्लाझ्मिडवर, म्हणजे जीवाणूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर, असतं आणि शेजारच्या वेगळ्या जातीच्या जीवाणूलाही मिळू शकतं. क्लॅव्ह्युलॅनिकचं काम एवढंच की त्या एन्झाइमला कायमचं चिकटून ते निकामी करायचं. पण एन्झाइम भरमसाट तयार झालं तर क्लॅव्ह्युलॅनिक अपुरं पडतं. बीटा-लॅक्टमेजच्या एनडीएमसारख्या प्रकारावर ते चालतच नाही. एमआरएसए या अनेक अँटिबायोटिकांना न जुमानणाऱ्या जीवाणूने तर टाके घालणारं एन्झाइमच बदललेलं असतं, तिथे दोन्ही घटक हतबल.

स्ट्रेप्टोकोकसमुळे घसा दुखत असेल तर साधं अमॉक्सिसिलिन पुरतं, कारण तो जीवाणू बीटा-लॅक्टमेज बनवत नाही. तिथे क्लॅव्ह्युलॅनिकने वाढतात ते फक्त जुलाब.

आता बाटली. पावडर तळाला घट्ट बसलेली असते, आधी बाटली उलटी करून ठोका. सोबत आलेलं किंवा उकळून पूर्ण गार केलेलं पाणी निम्मं घाला, जोरात हलवा, मग खुणेपर्यंत भरा. फेस बसला की पातळी खाली जाते, तेव्हा पुन्हा खुणेला आणा. फेसालाच खूण समजलं तर सिरप दाट होतं आणि प्रत्येक डोस जास्त जातो. गरम पाणी नकोच, क्लॅव्ह्युलॅनिक उष्णतेने लवकर नासतं. म्हणून तयार सिरप फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांवर ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही, आणि 7 दिवसांनी उरलेलं टाकून द्यायचं. दर वेळी हलवलं नाही तर औषध तळाशी बसतं: सुरुवातीचे डोस पातळ, शेवटचे कडक. मोजायला सुईविना सिरिंज उत्तम. टोपणावरच्या रेघा इतक्या पुसट की 4 आणि 5 मधला फरक कळू नये. जेवणाच्या सुरुवातीला दिलं तर पोटाला त्रास कमी होतो.

खरी तक्रार मापाची आहे. डोस 5 मिली दिवसातून दोनदा असेल तर 30 मिली तीन दिवसांत खलास. डॉक्टरांनी पाच दिवस लिहिलेले असतात, म्हणजे 50 मिली लागतं. ताप उतरलेला असतो, बाटली रिकामी, दुसरी आणायचा कंटाळा. कोर्स डॉक्टर ठरवत नाहीत, बाटली ठरवते! कमी दिवसांत थांबलं तर संसर्ग उलटू शकतो. पण विनाकारण लांबवणंही वाईट, कारण आतड्यातले निरुपद्रवी जीवाणूही रोज औषध झेलतात आणि त्यातले प्रतिकार करणारेच मागे उरतात. पाच म्हटलं की पाच. दोन्ही बाटल्या एकदमच घ्या, पण दुसरीत पाणी पहिली संपल्यावरच घाला.

दुकानात 5 मिलीत 400/57 वाली बाटलीही असते. तेवढेच मिली दिले तर डोस थेट दुप्पट होतो, म्हणून बदलून मिळाली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि पावडर कोरडी, पांढरट असायला हवी. पिवळी-तपकिरी किंवा गोळे झालेली निघाली तर पाणी घालण्याआधीच परत करा, ओल आत शिरलेली आहे.