मैवंदची म्हणून गळ्यात मारलेली रायफल

इंग्लंडात राहणाऱ्या आणि जुन्या लष्करी वस्तूंचा नाद असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. मला गंडवलं ते मराठीपणाचंच भांडवल करून.

वस्तू होती मार्टिनी-हेन्री. ब्रिटिश फौजेने १८७१ मध्ये घेतलेली रायफल; खालचा लिव्हर दाबला की ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं तोंड, उघडते, एका वेळी एकच काडतूस. ५७७/४५० बोअरचं हे काडतूस इथल्या कायद्यात कालबाह्य धरतात, त्यामुळे शोभेची वस्तू म्हणून रायफल विनापरवाना घरात ठेवता येते. (भारतात न्यायचं मनात असेल तर थांबा, तिथले नियम वेगळे आहेत.)

विक्रेत्याने फोनवर गप्पा मारता मारता गाव विचारलं. मी सातारा म्हटलं. पुढच्या फोनपर्यंत रायफलीला इतिहास फुटला होता! २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदची लढाई झाली, तिथे बॉम्बे ग्रेनेडियर्सच्या शिपायाच्या हातात ही होती म्हणे. घरी आली तेव्हा दस्त्यावर पलटणीचं नाव कोरलेली पितळी पट्टी होती. जाहिरातीच्या फोटोत त्याच जागी नुसतं लाकूड आहे.

मुळात ती कथाच टिकत नाही. बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या देशी पलटणी मैवंदला लढल्या, हे खरं. पण त्यांच्याकडे स्नायडर या जुन्या रायफली होत्या. मार्टिनी होती ६६ व्या गोऱ्या पलटणीकडे. १८५७ चा धसका घेतलेलं सरकार देशी शिपायाला गोऱ्यापेक्षा जुनंच हत्यार द्यायचं. त्यामुळे मैवंद, देशी पलटण आणि मार्टिनी हे त्रिकूट कुणी एका दमात सांगितलं, की तिथेच फोन ठेवा.

आता खरी मेख. विक्रेत्याने रायफलीबरोबर एक कारागीरही सुचवला. गंज काढून, लाकडाला तेल पाजून नव्यासारखी करून देतो, माझा खात्रीचा माणूस आहे, वगैरे. त्या कारागिराने काम महिन्यापेक्षा जास्त लांबवलं. इथे दुकानदाराकडून घेतलेली सदोष वस्तू परत करून पूर्ण पैसे मागण्याचा सरळ हक्क पहिल्या ३० दिवसांपुरता असतो. तेवढे दिवस रायफल त्याच्याच टेबलावर. परत आली ती आरशासारखी चकचकीत, आणि उजव्या बाजूच्या खुणा बफिंगच्या चाकाखाली जवळजवळ पुसलेल्या.

त्या खुणांमध्येच सगळं असतं. अस्सल मार्टिनीवर तिथे मुकुट, त्याखाली राणीची व्ही. आर. ही अक्षरं, कारखान्याचं नाव (उदा. एन्फील्ड), साल आणि मार्क, म्हणजे आवृत्तीचा क्रमांक, असा ठसा असतो. पेशावरजवळच्या दर्रा आदमखेल भागात पिढ्यान्‌पिढ्या हाताने नकला बनतात, त्यातल्या कित्येक अफगाणिस्तानातल्या बाजारांतून परदेशी सैनिकांनी घरी नेल्या. तिथल्या कारागिराचा हात कमालीचा, पण इंग्रजी अक्षरं त्याच्यासाठी नुसती नक्षी. एन्फील्डमधला एन उलटा पडतो, ओळ वाकडी जाते. काहींवर व्ही. आर. आणि खाली १९०१ नंतरचं साल. राणी तर जानेवारी १९०१ मध्येच वारली!

माझ्या नशिबाने मुलीने पार्सल उघडतानाच मोबाईलवर फोटो काढले होते. त्यात एन उलटा आहे. ते पाठवले तर विक्रेत्याचं उत्तर: हे दुसऱ्याच रायफलीचे फोटो. ठसाच उरला नाही तर जुळवणार कशाशी? लिव्हरजवळची एक खोक आणि दस्त्यातली एक गाठ दोन्हीकडे सारखी निघाली म्हणून वाचलो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ठशांचे उजेड तिरपा पाडून फोटो, मग विक्रेत्याशी काडीचा संबंध नसलेल्या जाणकाराकडून तपासणी, आणि डागडुजी सगळ्यात शेवटी. नळीत हेन्री पद्धतीच्या सात खाचा मोजायला सांगा. स्क्रू काढून आटे बघायला सांगा, नकलेत ते एकसारखे नसतात. आणि खरी निघाली तरी पॉलिश पेपर, बफिंग, पोलादाला नवं निळं पाणी (ब्लूइंग) यांतलं काही नको. पातळ तेल, अगदी बारीक स्टील वूल हलक्या हाताने, लाकडाला जवसाचं तेल, वरून मेणाचा पातळ हात, बस्स. जुना तपकिरी रंग हीच तिची किंमत. चकचकीत केलेल्या अस्सल मार्टिनीलाही संग्राहक नाक मुरडतात.

मी मोजले होते पंधराशे पौंड. जाणकाराचं लेखी मत, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि फोटो जोडून, पैसे न मिळाल्यास छोट्या दाव्यांच्या न्यायालयात जातो असं पत्र दिलं (इंग्लंड-वेल्समध्ये दहा हजार पौंडांपर्यंतचे दावे तिथे चालतात). रायफल परत घेऊन त्याने पैसे दिले, बरीच कुरकुर करून. कारागिराचं बिल मात्र वेगळ्या नावाने, वेगळ्या पावतीवर होतं आणि सांगितलेलं काम तर त्याने केलंच होतं. ते पैसे बुडाले.