सांगलीच्या पडद्यावर ‘सिरानो’
गेल्या रविवारी सांगलीतील एका चित्रपट मंडळाने झाँ-पॉल राप्नो दिग्दर्शित ‘सिरानो द बेर्जराक’ हा १९९० सालचा फ्रेंच चित्रपट दाखवला. एदमाँ रोस्ताँ यांच्या १८९७ मधील पद्यनाटकावर तो आधारलेला आहे. तलवारीत आणि शब्दांत सारखाच तरबेज असलेला सिरानो आपल्या लांब नाकापायी रॉक्सानजवळ प्रेम व्यक्त करू शकत नाही, आणि तिचे मन ज्याच्यावर जडले आहे त्या देखण्या पण शब्दांनी दरिद्री असलेल्या क्रिस्तियाँला स्वतःची पत्रे लिहून देतो.

सव्वादोन तास पद्यात बोलणारा चित्रपट चालेल, अशी पैज सहसा कोणी लावणार नाही. तरीही फ्रान्समध्ये त्याची ४० लाखांहून अधिक तिकिटे खपली, कान महोत्सवात सिरानो साकारणारे जेरार देपार्दियू सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले, पुढच्या वर्षी सेझार या फ्रेंच चित्रपट पुरस्कारांतील १० पारितोषिके मिळाली आणि वेशभूषेचे ऑस्कर फ्रांका स्क्वार्चापिनो यांना लाभले.

या यशाचे मर्म सज्जाच्या प्रवेशात सापडते. वर रॉक्सान, खाली अडखळणारा क्रिस्तियाँ आणि अंधारात त्याला वाक्ये पुरवणारा सिरानो. नाटकवाल्या सांगलीला हा विंगेतला प्रॉम्प्टर वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मात्र हा प्रॉम्प्टर काही वेळाने दुसऱ्याच्या नावाने स्वतःच बोलू लागतो, देपार्दियूंचा आवाज खाली उतरतो, आणि यमके जुळत आहेत याचे भानही उरत नाही. त्या मानाने १६४० च्या आरास शहराच्या वेढ्याचा भाग मला लांबलेला वाटला.

तक्रार आहे ती प्रक्षेपणाची. इंग्रजी उपशीर्षके अँथनी बर्जेस यांच्या पद्य अनुवादावरून घेतलेली आहेत. पण मध्यंतरापर्यंत त्यांची खालची ओळ पडद्याखालच्या काळ्या कापडावर पडत होती, त्यामुळे यमकाचा पहिला चरण वाचायचा आणि दुसरा तर्काने जुळवायचा, असा प्रकार चालला होता. दोनदा सांगितल्यावर चित्र लहान करण्यात आले. पन्नास रुपयांच्या तिकिटात फार अपेक्षा नसते हे मान्य, परंतु एवढी तपासणी खेळाआधी करता आली असती.

सुदैवाने शेवट नीट पाहता आला. मठाच्या बागेत सिरानो क्रिस्तियाँच्या नावाने स्वतःच लिहिलेले जुने पत्र मोठ्याने वाचत असतो. उजेड सरतो, अक्षरे दिसेनाशी होतात, तरी वाचन थांबत नाही, आणि रॉक्सानला सारे उमगते. त्याच प्रवेशात पाककलेइतकाच कवितेचा वेडा असलेला रागनो, नाटककार मोलिएरने तुमचा एक प्रवेश चोरला, असे सिरानोला सांगतो. पलीकडच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’ मुळात मोलिएरचेच, हे ठाऊक असलेली मागची रांग तेवढ्या गंभीर प्रसंगातही हसली.