मृत्युपत्राला आव्हान: फसवणूक म्हणावी, दबाव म्हणावा की नुसता संशय?

वडिलांचं मृत्युपत्र तेराव्यानंतर बाहेर येतं, सगळं घर एकाच भावाच्या नावे निघतं आणि बाकीच्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो फसवणुकीचा. कोर्टात तो लिहिण्याआधी जरा थांबा.

भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 61 प्रमाणे फसवून, जबरदस्तीने किंवा माणसाची स्वतःची मर्जीच उरणार नाही इतका तगादा लावून करून घेतलेलं मृत्युपत्र टिकत नाही. फसवणुकीत त्याला खोट्यात ठेवलेलं असतं: मुखत्यारपत्र आहे म्हणून सही घेतली, किंवा मुलीबद्दल खोटंनाटं सांगून तिला वगळायला लावलं. दबावात त्याला सगळं कळत असतं, पण नाही म्हणायची सोय नसते. सेवा केली, गळ घातली, "माझ्या नावे करा" म्हणून मागे लागलं, एवढ्याने दबाव ठरत नाही. दोन्हींत सिद्ध करायची जबाबदारी तुमची, आणि कोणी, कधी, काय केलं याचा तपशील लेखी द्यावा लागतो. चार भिंतींआड घडलेल्या गोष्टीचा साक्षीदार आणणार कुठून?

संशयास्पद परिस्थितीचं तसं नाही. वेंकटचल अय्यंगार खटल्यात 1958 साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की असा संशय मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच दूर करायचा. सही थरथरती, आजारपण शेवटचं, मजकूर लाभ मिळणाऱ्या मुलाने तयार करवून घेतलेला, दोन्ही साक्षीदार त्याच्याच दुकानातले, बायकोचा उल्लेखही नाही: अशा गोष्टी एकत्र आल्या की उत्तर त्याला द्यावं लागतं. नोंदणी झाली आहे एवढ्यावर तो सुटत नाही. मात्र एका मुलाला जास्त दिलं, इतकंच कारण पुरत नाही.

म्हणून ठोस पुरावा हाती नसेल तर भर संशयावर ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. रागाच्या भरात "सही खोटी" आणि "दबावाने सही घेतली" दोन्ही लिहिलं, तर उलटतपासात दोन्ही गळतात. हिंदू कुटुंबात मिळकत वडिलोपार्जित असेल तर आधी तेच तपासा; वडिलांना मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, आणि वाटणीचा दावा कदाचित जास्त सरळ पडेल.

कोणताही मार्ग धरा, हॉस्पिटलचे केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या आणि वडिलांच्या जुन्या सह्या असलेले बँकेचे कागद आजच मागवा. मुदतीचं वकिलांना पहिल्याच भेटीत विचारा.