लोअर झाम्बेझी: मे ते नोव्हेंबर, अख्ख्या मोसमाचा अनुभव

झांबियातल्या लोअर झाम्बेझी राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरवत असाल तर आधी एवढंच सांगते: बुकिंग करताना गाडीतल्या सफारी कमी घ्या आणि नदीवरचे तास वाढवून मागा. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही झांबियाच्या राजधानीत, लुसाकात राहतो. मे महिन्यात तिकडचे कॅम्प पुरते सुरू झाले, तेव्हापासून नोव्हेंबरात पाऊस येईपर्यंत सुट्टी मिळाली की आम्ही तिकडेच पळायचो. कधी तंबू टाकून राहिलो, कधी नदीकाठच्या लॉजवर, कधी भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन. कनू (वल्ह्यांची अरुंद होडी), मोटारबोट, पायी, दिवसाची गाडी, रात्रीची गाडी, मासेमारी, जे जे तिथे मिळतं ते वेगवेगळ्या महिन्यांत करून पाहिलं. त्यावरून हे लिहिते आहे.

नदीवर एवढा भर का, तर या उद्यानाची ठेवणच तशी आहे. 1983 साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे जंगल कागदावर 4,092 चौरस किलोमीटरचं, पण त्याचा मोठा भाग उत्तरेकडच्या चढणीच्या डोंगरात जातो. तिथे रस्ते जवळपास नाहीतच. डोंगराचा पायथा आणि झाम्बेझी यांच्यामधल्या सपाट पट्ट्यातच खरी वर्दळ असते. जून सरला की आतली डबकी आटत जातात आणि हत्ती, म्हशी, इम्पाला आणि वॉटरबक ही हरणं, सगळे नदीकडे सरकतात. समोरचा काठ झिम्बाब्वेचा, तिथलं माना पूल्स उद्यान 1984 पासून जागतिक वारसा यादीत आहे. म्हणजे दोन्ही तीरांवर जंगल आणि मधून वाहणारं पाणी. हत्तींना सीमा ठाऊक नाही, ते बेटांवर चरायला जातात आणि पोहून पलीकडेही निघतात.

कनूबद्दल सविस्तर लिहिते, कारण लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते यालाच. एका कनूत दोघं बसतात, गाइड आपल्या कनूत पुढे असतो. वल्हवायला फार जोर लागत नाही, प्रवाहच पुढे नेतो. परतताना मोटारबोट येऊन माणसं आणि कनू दोन्ही उचलून आणते. खरी भीती हिप्पोची, आणि ती अगदी रास्त आहे. पण हिप्पोचं वागणं समजून घेतलं की गाइड काय करतोय ते कळायला लागतं. दचकलेला हिप्पो खोल पाण्याकडे पळतो. म्हणून कनू उथळ काठाच्या बाजूने न्यायची आणि खोल पात्र त्याच्यासाठी मोकळं सोडायचं. तो काठावर चरत असेल तर मात्र त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये कधीच यायचं नाही. नदीच्या चिफुंगुलू नावाच्या फाट्यात शिरताना आमचा गाइड वल्ह्याच्या दांड्याने कनूची कड ठोकायचा, ठक ठक ठक. मग आम्ही सगळे थांबायचो. पुढच्या वळणावर पाण्यातून कान, डोळे, नाकपुड्या वर यायच्या. कळप नक्की कुठे आहे याची त्याची खात्री पटल्याशिवाय तो हात पुढे करायचा नाही. नव्या माणसाला हे थांबणं कंटाळवाणं वाटतं, पण ज्याला अशी घाई नसते तोच चांगला गाइड.

आणि या थांबण्यातच खूप काही दिसतं. सप्टेंबरमध्ये एक एकटा नर हत्ती काठावरच्या गवतात उभा होता. आमची कनू लव्हाळ्यात टेकलेली, इंजिनाचा आवाज नाही. त्याने सोंडेने गवताचा झुबका मुळासकट उपटला, पुढच्या पायावर दोन-तीनदा आपटून माती झाडली आणि मग तोंडात घातला. पुन्हा उपटला, पुन्हा आपटला. माती पाण्यात पडल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. हे मी गाडीतून कधी ऐकलं नव्हतं.

पक्ष्यांसाठीही कनूच हवी. कवड्या खंड्या इथेही आपल्या तळ्यांवर करतो तसाच हवेत फडफडत एका जागी थांबतो आणि सूर मारतो. ऑगस्ट संपता संपता कार्माइन वेडे राघू येतात आणि नदीच्या उभ्या मातीच्या कड्यात बिळं करून शेकड्यांनी घरं थाटतात. त्या गुलाबी-लाल थव्याखालून कनू जाते तेव्हा फोटो काढावासाही वाटत नाही, नुसतं बघत राहावंसं वाटतं. एक सूचना: ऑगस्ट-सप्टेंबरात दुपारनंतर वारा सुटतो आणि नदीवर चांगल्या लाटा उठतात. कनू सकाळचीच मागा.

मोटारबोट ज्येष्ठांसाठी उत्तम. माझ्या सासऱ्यांचे गुडघे दुखतात, गाडीचे धक्के त्यांना सोसवेनात, पण बोटीत ते तासन्‌तास बसले. तक्रार आहे ती एका बोटवाल्याबद्दल. हत्तिणी पिल्लांसह नदी ओलांडत होत्या, मोठ्यांच्या सोंडा वर, पिल्लू आईच्या अंगाला चिकटून. आमचा चालक त्यांची वाट अडवून पार जवळ गेला, सगळ्यांना फोटो मिळावेत म्हणून. हत्तिणी वळून परत गेल्या. आम्ही तिथल्या तिथे बोललो आणि कॅम्पवर लेखी तक्रारही दिली. तुम्हीही बोला. पैसे देणारा पाहुणा ‘जवळ नको’ म्हणाला की चालक ऐकतो.

पायी फिरायचं तर जुलै ते सप्टेंबर. त्याआधी गवत उंच असतं, समोरचं दिसत नाही. सोबत गाइड आणि वन विभागाचा बंदूकधारी स्काउट असतो. एका ओळीत, न बोलता चालायचं. इथे मोठा प्राणी जवळून पाहण्याची अपेक्षा ठेवू नका, ते पायी फिरण्याचं कामच नाही. पायी फिरताना जमीन वाचायला शिकता येतं. हत्तीच्या पुढच्या पावलाचा घेर मोजून त्याची दुप्पट केली की त्याची खांद्यापर्यंतची उंची अंदाजे कळते, हे आमच्या मुलाने दोरी घेऊन मोजलं आणि घरी आल्यावर सगळ्यांना सांगत सुटला.

विंटरथॉर्नची झाडं समजतात तीही चालतानाच. आपल्या बाभळीच्या नात्यातलं हे झाड पावसाळ्यात पानं गाळतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं असतं. सगळं रान करपलेलं असताना सावली याचीच. त्याच्या शेंगा सुकवलेल्या सफरचंदाच्या चकत्यांसारख्या वळलेल्या असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्या खाली पडतात आणि हत्ती त्या एक-एक वेचून खातात. कॅम्प याच झाडांखाली असल्यामुळे हत्ती थेट तंबूपर्यंत येतात. अशा वेळी आत बसून राहायचं, दुसरं काही करायचं नाही.

गाडीला मी कमी लेखत नाही. बिबट्या, सिंह आणि आफ्रिकी रानकुत्रे आम्हाला गाडीतूनच दिसले. रात्रीच्या फेरीत साळिंदर, सिव्हेट (उदमांजराच्या जातीचा प्राणी), तरस भेटतात. ताडोब्यात एका वाघामागे जिप्सींची रांग लागते तसं इथे कधी झालं नाही, बिबट्याजवळ आमचीच एक गाडी होती. पण उघड्या गाडीत त्से त्से माशा फार चावतात, नदीवर तेवढा त्रास नाही. गडद निळे आणि काळे कपडे त्यांना खेचून घेतात, ते घरीच ठेवा. जिराफ आणि गेंडा पाहायचाच असेल तर हे उद्यान तुमचं नाही, दोन्ही इथे नाहीत. टायगरफिशची मासेमारीही असते, पकडून सोडून द्यायची. नवऱ्याला आवडली, मला नाही.

जून-जुलैच्या सकाळी बोटीत स्वेटर आणि कानटोपी लागते. ऑक्टोबरात पारा चाळिशीच्या वर जातो, दुपारी तंबूत बसवत नाही, पण प्राणी सगळ्यात जास्त तेव्हाच. लहान मुलं बरोबर असतील तर जुलै-ऑगस्ट बरा. कनू आणि पायी सफारीसाठी मुलांच्या वयाची अट प्रत्येक कॅम्पची वेगळी असते, पैसे भरण्याआधी विचारून घ्या. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीपासून सुरू करा.

लुसाकाहून झिम्बाब्वेच्या सीमेवरच्या चिरुंडू गावाच्या रस्त्याने घाट उतरावा लागतो. तिथे ट्रकची रांग असते, अंधार पडायच्या आत उतरा. भारतातून थोड्याच दिवसांसाठी येणाऱ्यांनी लुसाकाहून छोट्या विमानाने उद्यानातल्या जेकी नावाच्या धावपट्टीवर उतरावं. महाग आहे, पण एक अख्खा दिवस वाचतो.

शाकाहारी असाल तर आधी कळवा आणि इफिसाशी मागा, शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी. न्शिमाबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, आमच्या सासूबाईंनी ती दोन वेळा मागून खाल्ली.

एक काळजी मात्र मनात आहे. या उद्यानाच्या हद्दीत कांगालुवी नावाच्या तांब्याच्या उघड्या खाणीचा प्रस्ताव आहे आणि त्यावरून अनेक वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. झांबियाला तांब्याचा पैसा हवा, हे लुसाकात राहून मला रोज दिसतं. तरीही या नदीच्या डोक्यावर खाण नको, असं मला ठामपणे वाटतं. तिथल्या गाइडांशी, स्काउटांशी या विषयावर जरूर बोला. त्यांची पोटं याच नदीवर आहेत आणि ते मोकळेपणाने बोलतात.