जीमेलचा स्पॅम फिल्टर: कामाचा, पण डोळे झाकून भरवसा नको

लॉटरी, झटपट कर्ज, बनावट बँकेचे मेल हा फिल्टर बहुतेक परस्पर अडवतो. खोट अशी की कधीकधी कामाचा मेलही स्पॅममध्ये पडतो आणि ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो. आठवड्यातून एकदा तो फोल्डर चाळा. हव्या त्या पत्त्यासाठी जीमेलमध्ये स्वतःचा फिल्टर (म्हणजे नियम) करून ‘स्पॅममध्ये पाठवू नका’ निवडा.

दुकानांना पत्ता देताना ‘@’च्या आधी अधिकचिन्ह आणि दुकानाचं नाव जोडा. मेल आपल्याच इनबॉक्समध्ये येतो, शिवाय पत्ता कुठून फुटला तेही कळतं. काही वेबसाइट हे चिन्ह घेतच नाहीत, हा त्यांचा आळशीपणा.

ओळखीच्या कंपनीची जाहिरात असेल तर ‘अनसबस्क्राइब’ पुरतं. अनोळखी मेलमधली लिंक मात्र उघडू नका, थेट ‘रिपोर्ट स्पॅम’ करा; क्लिक केलं की पत्ता चालू असल्याचं पलीकडे समजतं.